आडवं झोपून पाहिलेली गाडी

धर्मराजनं आल्या आल्या बॉनेटवर पंजा ठेवला. ताप आलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

"आबासाहेब, गाडी कुठं जाऊन आली?"

"कुठं न्हाई. सकाळी जरा मोंढ्यात गेल्तो," आबाराव म्हणाले. "तू सेल्फ तर मार. एका फटक्यात उठती का न्हाई बघ."

"गरम गाडी कोणाचीबी उठती. थंड होऊ द्या. आमाला जल्दी न्हाई."

आबारावांनी भुजंगकडं पाहिलं. गाडी घेणारा तो होता. पण भुजंगनं चपला काढल्या आणि तो लिंबाखालच्या बाजेवर जाऊन बसला. मग आबारावांनीही खुर्ची ओढली आणि आत चहाचं सांगितलं.

२००३ सालचा ऑक्टोबर होता. बदनापुरात, स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्याला आबारावांचं घर होतं. ते रस्त्यांची कामं घेत. गाडी त्यांनी चार वर्षांपूर्वी कोरी आणली होती. गडद हिरवी, उंच, सात माणसांची, मागच्या दारावर स्टेपनी लावलेली, आत एसी आणि काचांना बटणं. तसल्या गाड्या तेव्हा जिल्ह्यात मोजक्याच लोकांकडं होत्या आणि त्यांतले बहुतेक राजकारणातले, म्हणून लोक तिला आमदारगाडी म्हणत. आता आबारावांची मुलं औरंगाबादला राहायला गेली होती, कामं कमी झाली होती आणि गाडी आठवड्यातून दोनदा मोंढ्यातल्या धान्यबाजारात जाऊन परत येत होती.

भुजंग हसनाबादचा. मोसंबीची बाग दोन वर्षं चांगली लागली होती, ट्रॅक्टर आधीचाच होता. तो आमदारगाडी पाहायला गेला ही बातमी गावात त्याच्या आधी परत पोचणार होती. धर्मराज त्याचा शाळेतला सोबती. जाफराबाद-भोकरदन रस्त्यावर तो काळीपिवळी जीप चालवायचा. त्या जीपला आरसा नव्हता आणि हॉर्न लहर आली तरच वाजायचा, पण दुसऱ्याच्या गाडीत त्याला बारीकसारीक सगळं दिसायचं.

चहा आला. आबारावांनी बशीत ओतून एक घोट घेतला.

"कोणत्या पक्षाकडून?"

"काय कोणत्या?"

"उभं राहून राह्यले ना? जिल्हा परिषदेला?"

"न्हाई हो."

"मंग एवढी गाडी कशाला? मोसंबी भरायची का हिच्यात?"

"दिवाळीला बहीण आणायची," भुजंग म्हणाला.

आबाराव हसले. "बहीण तर एसटीनंबी येती, भुजंगराव."

भुजंगनं बशी तोंडाला लावली. धर्मराज गाडीखाली वाकून पाहत होता. त्यानंही मान वर केली नाही.

भुजंगची थोरली बहीण गोपिका जाफराबादला दिली होती. दिवाळीत सासरी असलेल्या बहिणीला आणायला जायचं ते घरच्या पुरुषानं, त्याला मुराळी म्हणतात. बहीण आपली आपण निघून आली तरी कोणी तिला घराबाहेर काढत नाही. पण तिच्या जावा विचारतात, का गं, कोणी आलं न्हाई का न्यायला? आणि तेवढं पुरतं.

भुजंग पहिल्यांदा एकटा मुराळी म्हणून गेला तो १९८१ साली. वडिलांना हिवताप आला होता. घरची बैलगाडी जुंपायला घेतली तर दोन पांढऱ्या बैलांतल्या एकाचा खूर दुखावलेला. मग शेजाऱ्याचा काळा बैल मागून आणला. पहाटे निघालेली गाडी दिवेलागणीला जाफराबादला पोचली. गोपिकाची सासू सगुणाबाई कंदील घेऊन बाहेर आली, तिनं कंदील एका बैलाच्या तोंडापुढं धरला, मग दुसऱ्याच्या.

"एक घरचा अन् एक पाहुणा दिसतो," ती म्हणाली.

भुजंग बैल सोडायला लागला. गोपिका दारात उभी होती, ती मान खाली घालून आत गेली. दुसऱ्या दिवशी गाव मागं पडेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. शेवटचं घर गेलं आणि तिला हसू फुटलं. पोटाशी पाय घेऊन, पदर तोंडात धरून ती हसत राहिली आणि भुजंग रागानं बैल हाकत राहिला. भोकरदनला नदीवर भाकरी खाल्ली. त्याच्यानंतर त्याला गाडीत झोप लागली. जाग आली तेव्हा कासरा गोपिकाच्या हातात होता. तो कडब्यावर उताणा पडला होता, वरून बाभळींचे शेंडे मागं सरकत होते, आणि ती काळ्या बैलाला म्हणत होती, "चला पाहुणे, जेवायला जायचं."

त्यानंतर किती दिवाळ्या ते चाललं. भुजंग दारात दिसला की ती विचारायची, पाहुणा आणला का रे? वडील गेले, बैलगाडी गेली. मग भुजंग तिला एसटीनं आणायला लागला, आणि पुढं काळीपिवळ्या सुरू झाल्या तेव्हा धर्मराज तिच्यासाठी पुढची जागा धरून ठेवायचा. त्या जागेवर आणखी दोघं असायचे, पण ती खिडकीशी असायची. मांडीवर पोरं, पायात फराळाचे डबे, आणि सगळ्या जीपला ऐकू जाईल असं बोलणं.

१९९९च्या कापसाच्या दिवसांत ती भरलेल्या ट्रॉलीवरून पडली. मणका दबला. औरंगाबादच्या डॉक्टरांनी चालती केली, पण सांगितलं की बसायचं ते जेवणापुरतं, आणि गाडीत बसून प्रवास बिलकुल नाही. जायचंच तर आडवं, आणि धक्का न लागता. तेव्हापासून ती माहेरी आली नव्हती. त्यांची आई झुंबरबाई हसनाबादला होती, पण तिचं वय झालं होतं आणि तिला गाडी लागायची. एकदा लेकीला पाहायला म्हणून निघाली ती भोकरदनला सलाईन लावून परत आली.

भुजंग दर दिवाळीला मोटारसायकलवर जाफराबादला जायचा. गोपिका बाजेवर पडून घराघराचं विचारायची. चौकातल्या हातपंपाला पाणी आहे का. द्वारकाबाईची सून नांदते का. मळ्याच्या वाटेवरची चिंच तोडली म्हणतात, खरं का. दुसऱ्या वर्षी ती थोडं कमी विचारायला लागली. गेल्या दिवाळीला तिनं काहीच विचारलं नाही. भुजंगनं आपणहून सांगायला सुरुवात केली तर म्हणाली, "राहू दे रे. मला आता घरं एकामागून एक आठवत न्हाईत. मधली गळून चालली."

त्याच महिन्यात भुजंगनं जालन्याहून रुग्णवाहिका ठरवली होती. गोपिकाचे मालक, कारभारी दाजी, तयार होते. गोपिका झाली नाही.

"माय दारात बसलेली असती," ती म्हणाली. "पांढरी गाडी गल्लीत वळलेली दिसली की ती बसल्या जागी जाईल. अन् गाव टोप्या काढून उभं राहील. तसली गाडी मी मेल्यावर आण."

म्हणून भुजंगला अशी गाडी पाहिजे होती जिच्यात माणूस नीट आडवं होतं आणि जी वळताना पाहून कोणाचं काळीज हलत नाही. दिवाळी तीन आठवड्यांवर आली होती. आणखी एक दिवाळी गेली तर गोपिकाची उरलेली घरंही गळतील, अशी त्याला धास्ती होती.

तासाभरानं धर्मराजनं पुन्हा बॉनेटवर हात ठेवला आणि मान हलवली. सेल्फ मारला. गाडी उठली, पहिल्याच फटक्यात. आबारावांनी मिशीवरून हात फिरवला. धर्मराज मागं जाऊन सायलेन्सरच्या धुराशी उभा राहिला, ऑइलचं झाकण उघडून आतून वाफ मारते का पाहिलं, दारं एकेक उघडून लावली आणि लावताना कान दिला. बिजागऱ्यांचे नट कधी सोडले होते का ते पाहिलं, टायरवरून तळवा फिरवला. पुढच्या डाव्या टायरवर त्याचा हात थांबला.

"हे आतून खाल्लंय. कुठं आदळली का, आबासाहेब?"

"गतिरोधकावर. अलाइनमेंट करून घेतली. बिल हाय."

"बिल राहू द्या, रस्त्यावर कळंल." त्यानं भुजंगला बाजूला घेतलं. "गाडी सरळ हाय. ठोकलेली न्हाई. किलोमीटरचा आकडा खरा वाटतो, कारण पायडलचं रबर तेवढंच झिजलंय. बस आता, चालवून बघ."

"तू चालव."

"गाडी तुला घ्यायची का मला?"

"तू चालव रे. मी मागं बसतो."

आबाराव पुढं धर्मराजच्या बाजूला बसले. भुजंगनं मधलं दार उघडलं, चपला खाली ठेवल्या, मग विचार बदलून त्या आत टाकल्या, आणि सीटवर आडवा झाला. डोकं धर्मराजच्या पाठीमागं, पाय डाव्या दाराकडं. पाय मावले नाहीत. गुडघे मोडून घेतले. गोपिकाअक्का आपल्यापेक्षा वीतभर ठेंगणी, म्हणजे मावेल, असा त्यानं हिशोब केला.

आबारावांनी मागं वळून पाहिलं.

"भुजंगराव, तब्येत बरी न्हाई का?"

"बरी हाय. चला."

"मंग उठून बसा की. गाडी अशी कोणी पाह्यते का?"

"तुमी चला हो."

हायवेला गाडी छान गेली. भुजंगला पोटाखालून एकसारखी घरघर ऐकू येत होती, बाकी काही नाही. त्याला ते पटलं नाही. हायवे हसनाबादपर्यंत जात नव्हता.

"धर्मराज, आतल्या रस्त्याला घे. आपल्याकडच्या."

"तो रस्ता गाडी पाहायचा न्हाई, गाडी मोडायचा हाय," आबाराव म्हणाले.

"आबासाहेब, तो तुमीच केल्ता ना?" धर्मराजनं विचारलं.

"मी केला तेव्हा बराबर होता. नंतर उसाचे ट्रक गेले."

"उसाचे ट्रक तर समद्याच रस्त्यानं गेले."

आबाराव खिडकीबाहेर पाहायला लागले. गाडी आतल्या रस्त्याला लागली आणि पहिल्याच खड्ड्यात भुजंग सीटवरून सरकून पुढच्या सीटच्या पाठीला लागला. त्यानं हात टेकून स्वतःला पुन्हा मागं घेतलं. बसलेल्या माणसाला खड्डा कमरेत कळतो. आडव्याला तो आधी खांद्यात येतो, मग मानेत, आणि कमरेत सगळ्यात शेवटी. हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं उजव्या हाताची मूठ कमरेखाली घातली.

"तोच खड्डा पुन्हा घे."

धर्मराजनं गाडी मागं घेतली. आबारावांनी डोळे मिटले.

"आता हळू. दुसऱ्या गिअरमध्ये."

गाडी हळू उतरली, हळू चढली. मूठ कमी दबली.

"आता एकच चाक घाल. डावं."

"भुजंगा, खड्ड्याला लाज वाटायला लागली आता," धर्मराज म्हणाला, पण त्यानं घातलं.

एका चाकानं जास्त वाईट झालं. गाडी कलली आणि भुजंगचं अंग सीटच्या कडेवर गेलं. दोन्ही चाकं एकदम घातलेली बरी. ब्रेक लावला की घसरायला होतं, म्हणजे सीट आणि पुढची पाठ यांच्यातली मोकळी जागा गादीनं भरली पाहिजे. एसीचा वारा पायांवर येत होता, तोही बंद करावा लागेल. तो एकेक बोलून दाखवत होता आणि धर्मराज 'हां' म्हणत होता. मधेच भुजंग बोलायचा थांबला. काचेतून बाभळींचे शेंडे जात होते, एखादी तार खाली येऊन पुन्हा वर जात होती, आणि रस्ता कुठंच दिसत नव्हता. काळा बैल त्याला इतका स्पष्ट आठवला की त्याच्या वशिंडावरची झडलेल्या केसांची जागाही आठवली. आपण जागे झाल्याचं तेव्हा त्यानं अक्काला कळू दिलं नव्हतं. ती बैलांशी काय काय बोलते ते त्याला ऐकायचं होतं. ती सासूचं बोलली होती, पाण्याच्या हंड्यांचं बोलली होती, आणि एका जागी नुसतंच 'चला, चला' म्हणत राहिली होती.

"झोपला का?" धर्मराजनं विचारलं.

"न्हाई. चल पुढं."

आबारावांना आता राहवलं नाही. "भुजंगराव, मी पस्तीस वर्षं धंदा केला. इंजिन पाहणारे पाहिले, सीट कव्हर पाहणारे पाहिले. गाडीत झोपून पाहणारा तुमी पहिले. हे चाललंय काय?"

भुजंग सांगत नव्हता, म्हणून धर्मराजनं सांगितलं. ट्रॉली, मणका, डॉक्टर, पांढरी गाडी. तो गाडी चालवता चालवता सपाट आवाजात सांगत होता, प्रवाशांना कुठला थांबा आला ते सांगावं तसा.

आबाराव म्हणाले, "मंग विकत कशाला घेता? दिवाळीला अशीच न्या. चार दिवस ठेवा. डिझेल तुमचं. सौद्याचं मागून पाहू, जमला तर जमला."

ते मनापासून बोलत होते हे दोघांनाही कळलं. भुजंग उठून बसला.

"न्हाई जमणार, आबासाहेब."

"का?"

"तिची सासू हाय अजून."

धर्मराजला एवढं हसू आलं की त्यानं गाडी बाजूला घेतली. आबारावांना त्यातलं काही कळलं नाही, पण मागून आणलेल्या गाडीत हा माणूस बहिणीला न्यायला जाणार नाही एवढं कळलं. परतताना त्यांनी आपणहून सांगितलं की मागच्या टायरांत हवा जरा कमी ठेवा, म्हणजे उडणार नाही, आणि घरी गेल्यावर बायकोला, कांताबाईंना, सांगून चौघांचा स्वयंपाक करायला लावला. सौदा जेवणानंतर झाला. दोघांनीही थोडं थोडं सोडलं.

हसनाबादला गाडी आली त्या दिवसापासून लोक भुजंगला रामराम जरा वाकून करायला लागले. त्याची बायको इंद्रायणी म्हणाली, "उभं राहायचं नसंल तर तसं पाटी लावून सांगा. माझ्याकडं तिघीजणी बचत गटाचं काम घेऊन आल्या." भुजंगनं पाटी लावली नाही. त्यानं गादीवाल्याकडून सीटपुढची जागा भरण्याजोगा फोमचा ठोकळा करून घेतला, त्यावर इंद्रायणीनं जुन्या लुगड्याची गोधडी घातली, आणि मग दोनदा धर्मराजला बोलावून जाफराबादपर्यंतचा सगळा रस्ता झोपून पाहिला. कुठं दुसरा गिअर, कुठं थांबून उतरायचं, कोणत्या पुलाच्या तोंडाशी ठिगळ आहे, हे धर्मराजला पाठच होतं. आता ते भुजंगच्या कमरेलाही पाठ झालं.

झुंबरबाईला कोणी काही सांगितलं नव्हतं. सांगितलं आणि झालं नाही तर, म्हणून. पण तिनं करंज्या नेहमीपेक्षा जास्त करायला लावल्या आणि कारण विचारल्यावर म्हणाली, "गाडी मोठी हाय, डबे मावतील."

वसुबारसेच्या दुसऱ्या दिवशी गाडी जाफराबादला कारभारी दाजींच्या दारात उभी राहिली. सगुणाबाई काठी टेकत बाहेर आली. तिला आता एकाच डोळ्यानं दिसायचं. ती गाडीभोवती पूर्ण फिरली, स्टेपनीवर काठी वाजवली, आणि भुजंगसमोर येऊन थांबली.

"घरची का?"

"घरची, मावशी."

"दोन्ही बैल?"

"दोन्ही."

"मंग ने," ती म्हणाली आणि बाजूला झाली. आतून, बाजेवरून, गोपिकाचं हसणं ऐकू आलं. ते ऐकून धर्मराज उगीच टायर पाहायला खाली बसला.

दाजींनी आणि भुजंगनं गोधडीसकट तिला उचललं आणि मधल्या दारातून आत घेतलं. ती केवढी हलकी झाली होती. सीटवर ती बरोबर मावली, वीतभर जागा उरली. त्या जागेत तिनं माहेरून आलेला करंज्यांचा डबा रिकामा करून ठेवायला सांगितला, रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून आत थोडे तीळ घालून. दाजी मोटारसायकलनं मागून येणार होते.

धर्मराजनं गाडी अशी चालवली की रस्त्यावरच्या काळीपिवळ्या त्याला ओलांडून जायला लागल्या. त्याच्याच धंद्यातला एकजण बाजूनं जाताना ओरडला, "काय धर्मराज, आमदार झोपले का?" धर्मराजनं नुसता हात दाखवला. भुजंग पुढच्या सीटवर उलटा बसून मागं पाहत होता.

"दुखतं का, अक्का?"

"न्हाई."

"आता?"

"भुजंगा, दर खड्ड्याला विचारशील तर विचारण्यानंच दुखंल."

भोकरदन आलं, गेलं. तिला ते वासावरून कळलं, भजी तळत होते. पुढं तिनं डोळे मिटले, पण ती झोपली नव्हती. ओठ हलत होते. भुजंगला वाटलं देवाचं नाव घेते. मग त्याला एक नाव ऐकू आलं, मग दुसरं. ती गल्लीतली घरं म्हणत होती, एकामागून एक. द्वारकाबाई, मग कोपऱ्यावरचं मच्छिंद्रचं, मग थांबली. मग पुन्हा पहिल्यापासून.

हसनाबादच्या फाट्यावर तिनं डोळे उघडले.

"थांबव."

"काय झालं? दुखलं?"

"मला उठवून बसव."

"अक्का, पाच मिनिटं राह्यली. घरी गेल्यावर बस. डॉक्टरनं..."

"डॉक्टरनं जेवणापुरतं बसायला सांगितलंय. मी आज जेवणार न्हाई, झालं? बसव." ती भुजंगकडं पाहत होती. "अरे, चार वर्षांनी आले. अशी आडवी आत गेले तर बाहेरून काय दिसंल? रिकामी गाडी. तुझी आमदारगाडी काय अन् ती पांढरी गाडी काय. मला घरात नेऊन ठेवशील अन् गावाला कळायचंबी न्हाई."

भुजंगनं गाडी पाठीनं पाहिली होती, मानेनं, कमरेनं पाहिली होती. आत बसलेलं माणूस बाहेरून कसं दिसतं ते त्यानं एकदाही पाहिलं नव्हतं. आता खाली उतरून पाहिलं तर मागच्या काचांना काळी फिल्म होती. त्याला आपलंच तोंड दिसलं.

त्यांनी तिला हळूहळू बसवलं, पाठीशी फोमचा ठोकळा लावला. धर्मराजनं पुढून बटण दाबलं. तिच्या बाजूची काच चार बोटं उतरली आणि अडकली. पुन्हा दाबलं. वर गेली, चार बोटं आली, अडकली.

"ही काच आपण पाहिलीच न्हाई," धर्मराज म्हणाला.

"एसी होता ना," भुजंग म्हणाला. दोघंही त्या काचेकडं बघत राहिले.

"दार उघडं ठेवा की मंग," गोपिका म्हणाली.

भुजंगनं दार सताड उघडलं, एका हातानं ते धरलं, दुसरा हात आत घालून तिच्या खांद्यामागं ठेवला, आणि तो गाडीबरोबर चालायला लागला. धर्मराज पहिल्या गिअरमध्ये, अर्धा क्लच दाबून. पारावर बसलेल्या माणसांनी आधी गाडी पाहिली, मग उघडं दार, मग दारातली बाई.

"गोपा का ती?"

"मीच हाय, मामा."

"गोपिकाबाई आली गं," एका ओट्यावरून दुसऱ्या ओट्यावर गेलं आणि पुढच्या गल्लीत गाडीच्या आधी पोचलं. द्वारकाबाई हात पिठानं भरलेले तसेच घेऊन आली.

"बाई, केवढी गाडी."

"भावाची हाय," गोपिका म्हणाली. "सून नांदती का?"

"नांदती. आत हाय. मलाच नांदवत न्हाई ती."

"बोलाव तिला. मी पाह्यली न्हाई अजून."

सून आली, डोक्यावर पदर घेऊन पाया पडली. गाडी पुढं सरकली. हातपंपाला पाणी होतं. मच्छिंद्रच्या घरापुढं नवं शटर बसलं होतं, ते तिनं मान वळवून पाहिलं आणि त्याच्या पलीकडच्या घराशी आली तेव्हा एकदम म्हणाली, "बेबीनंदा. हेच गळाल्तं." बेबीनंदा दारात उभी होती. आपण कुठून गळालो होतो ते तिला कळलं नाही. ती नुसती हसली आणि गाडीबरोबर चालायला लागली. आणखी दोघीतिघी लागल्या. भुजंगच्या हाताला तिचा खांदा कळत होता, दर हाताच्या अंतरावर तो आखडत होता आणि ती बोलत होती.

गल्ली सरळ झाली. टोकाला घर दिसलं, आणि दारात, भिंतीला टेकून, झुंबरबाई. तिनं कपाळावर हात धरला होता.

धर्मराजनं आरशात गोपिकाचा चेहरा पाहिला आणि क्लच सोडून गाडी जरा पुढं काढली. लवकर पोचलेलं बरं, असं त्याला वाटलं.

"हळू घे रे, धर्मराज."

"अक्का, याच्यापेक्षा हळू ही चालत न्हाई. बंद पडती."

"मंग पडू दे बंद."

धर्मराजनं किल्ली फिरवली. गाडी गल्लीच्या मधोमध उभी राहिली. बायका दाराशी दाटल्या, कोणीतरी पाणी आणलं, कोणीतरी दिवा आणायला पळालं. गोपिका भुजंगच्या हातावर रेलून बसली होती आणि एकेकीचं नाव घेऊन विचारत होती. पलीकडं झुंबरबाई एका हातानं भिंत धरून पायरी उतरली होती आणि आपली आपण, गाडीच्या दिशेनं चालत येत होती.